दुडकी

कोल्हापुरात सकाळी कुणी ‘धावायला’ जात नाही, लोक ‘पळायला’ जातात. धावणं हा शब्द वर्तमानपत्रातला, नाहीतर स्पर्धेच्या टी-शर्टवरचा. रंकाळा तलावावर ओळखीचं कुणी भेटलं, तर विचारणार ते, “काय ओ, पळाय लागलाय व्हय?” असंच. हा फरक वरवरचा वाटेल, पण चाळिशीच्या आसपास पहिल्यांदाच बूट बांधणाऱ्याची निम्मी अडचण या एका शब्दात आहे. पळणं म्हणजे आपल्या कानाला जीव खाऊन पळणं. कुत्रं मागं लागलं म्हणून, एसटी सुटायला आली म्हणून, शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजली म्हणून. पळताना दम राखून ठेवायचा असतो, ही गोष्ट त्या शब्दात कुठंच बसत नाही. मग माणूस पहिल्या दिवशी पळतो तोही तसाच. दोनशे-तीनशे मीटर जोरात, मग कंबरेवर हात, तोंड उघडं, कानशिलं गरम. घरी येऊन सांगतो, आपल्यात आता दम राहिला नाही.

दम तपासण्याइतका वेळच त्यानं स्वतःला दिलेला नसतो. दोनशे मीटरमध्ये तपासला जातो तो वेग, आणि वेग पंचविशीनंतर कुणी वापरलेलाच नसतो.

त्यात मैदानावर शेजारी कोण असतं, हेही पाहा. आपल्याकडं पहाटे मैदानं भरतात ती भरतीच्या पोरांनी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत काढायचे असतात, आणि तिथं सेकंदांवर गुण असतात. त्यांचा सराव त्यांच्या कामाला योग्यच आहे. पण बेचाळीस वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस त्यांच्या शेजारून सुरुवात करतो आणि नकळत त्यांची लय उचलतो. दुसऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास करून आपल्या पेपरला बसल्यासारखं होतं ते.

दूर पल्ल्याच्या सुरुवातीला जे करायचं असतं, त्याला मराठीत नेमका शब्द आहे: दुडकी. घोड्याची एक चाल. चालण्याच्या जरा पुढची, भरधावच्या बरीच अलीकडची. टापा जमिनीजवळ, पावलं लहान, आणि घोडा ती कितीतरी वेळ ओढू शकतो. मोठ्या वयात पळणं शिकायचं म्हणजे आधी ही दुडकी शिकायची. पहिले तीन महिने तरी तेवढंच शिकायचं असतं, असं माझं ठाम मत आहे.

ही चाल बरोबर आहे की नाही, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. बाराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. “बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस” एवढं एका श्वासात, शब्द न तोडता बाहेर पडलं, तर चाल बरोबर. “बारा दुणे” म्हटल्यावर “चोवीस”च्या आधी श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला. लगेच कमी करायचा. कमी म्हणजे किती? बहुतेक नवख्यांचा खरा दुडका वेग किलोमीटरला आठ ते नऊ मिनिटं भरतो. शेजारून कुणी झपाझप चालत पुढं गेलं तर जाऊ द्यावं. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं हे खरं, पण ‘२२० वजा वय’ हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकतं. शिवाय मनगटाच्या प्रकाशावर मोजणारी घड्याळं कधीकधी पावलांच्या ठेक्यालाच हृदयाचा ठोका समजतात आणि १६५ वगैरे आकडा दाखवून घाबरवतात. पाढ्याचं असं काही होत नाही.

पहिला आठवडा असा: आठवड्यात तीन दिवस, दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा. मंगळवार, गुरुवार, रविवार चालेल. पाच मिनिटं भरभर चालायचं. मग एक मिनिट दुडकी, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. एकूण चौतीस मिनिटं, त्यातलं प्रत्यक्ष पळणं फक्त आठ मिनिटांचं. हे इतकं कमी वाटतं की बरेच जण दुसऱ्याच दिवशी ते मोडतात. मोडू नये. पुढं दोन मिनिटं पळणं-दोन चालणं, मग तीनास दोन, पाचास दोन, आठास दोन, दहास एक, असं चढत जायचं. एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करायचा, त्यात कमीपणा नाही. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम थोडं कमी करायचं. असं केलं की दहा ते बारा आठवड्यांत न थांबता तीस मिनिटं जमतात. किलोमीटर या काळात मोजूच नयेत, मिनिटं मोजावीत. किलोमीटर मोजले की माणूस ते लवकर संपवायला बघतो.

चालण्याची मिनिटं दमल्यावर घ्यायची नसतात, ठरल्या वेळी घ्यायची असतात. पाय ताजे असतानाच चाललं की पोटऱ्यांवरचा ताण उतरतो आणि पुढच्या फेरीत पाऊल नीट पडतं. पुरता दमून चालायला लागलेल्या माणसाचं पाऊल आधीच वेडंवाकडं पडायला लागलेलं असतं, आणि नुकसान त्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत होतं.

आता मुख्य गोष्ट. पळायला लागलेल्या शरीरात दोन पंचांगं चालतात. एक दमाचं, एक हाडांचं. दमाचं पंचांग भराभर पुढं सरकतं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. सहा-आठ आठवड्यांत स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जेची केंद्रं वाढतात. माणसाला जाणवतं की जिना चढताना धाप लागत नाही, पाढा सहज म्हणता येतो, अंग हलकं झालंय. पाचव्या-सहाव्या आठवड्यात खरोखर पंख फुटल्यासारखं वाटतं.

हाडं, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि सांध्यांचे बंध मात्र त्याच वेळी वेगळ्याच कामात असतात. पळण्याचा नवा मार बसायला लागला की हाड स्वतःला नव्यानं घडवायला घेतं, पण त्याची पद्धत जुन्या घराच्या दुरुस्तीसारखी आहे: आधी जुनं काढायचं, मग नवं भरायचं. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत काम उरकतात, नवं हाड भरणाऱ्या पेशींना तीनेक महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात, साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, नडगीचं हाड सुरुवातीपेक्षा थोडं कमकुवतच असतं. आणि नेमक्या त्याच काळात दम म्हणत असतो, चल, आज आणखी दोन किलोमीटर. टाचेमागच्या कंडरेला तर रक्तपुरवठाच कमी, तीही महिन्यांच्या हिशेबानं घट्ट होते.

पहिल्या दोन महिन्यांतल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या दोन पंचांगांच्या फरकात असतं. बुटात नसतं, वयात नसतं, वजनातही तितकंसं नसतं. लष्करात हे फार जुनं दुखणं आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरनं लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांची ही सूज आणि वेदना नोंदवली होती. एक्स-रेचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी लागला, तेव्हा कळलं की तळपायाच्या लांब हाडांना बारीक तडे गेलेले असतात.

हिशेब करून पाहिला की मार किती बसतो ते कळतं. दुडक्या चालीत मिनिटाला साधारण १६० पावलं पडतात. तीस मिनिटांत ४८००. दर पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या एकेका पायावर दीडशे ते सव्वादोनशे किलो, आणि असं प्रत्येक पायावर २४०० वेळा. चालण्यात एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून हा मार नसतो. रोज दहा हजार पावलं चालणारा माणूसही पळायला नवखाच असतो, तो यामुळं.

आपल्या गावाला ही गोष्ट खरं तर शिकवावी लागू नये. तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव देत नाही. आधी हौद्यातली माती उकरायला लावतो, जोर-बैठका मोजून घेतो, अंग तयार होऊ देतो. पोराला घाई असते, वस्तादाला नसते. शिवाय ती माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ राखलेली असते, पडलं तरी अंग झेलून घेते. रस्त्यावर पळणाऱ्याला असा वस्ताद नसतो, आणि डांबर काही झेलत नाही. वस्तादाचं काम कागदावरच्या वेळापत्रकाकडून करून घ्यावं लागतं. दम म्हणाला ‘अजून’, तरी कागद म्हणाला ‘पुरे’ की थांबायचं.

नडगी दुखायला लागली तर काय करायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथंच होतो. घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या एक-तृतीयांश भागात दुखतं. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, थांबल्यावर पुन्हा ठणकतं. खाली बसा, अंगठ्यानं त्या कडेवर खालून वर दाबत जा. दुखरा भाग चार-पाच बोटं रुंद, लांबट पसरलेला असेल, तर हाडावरचं आवरण आणि स्नायूंची पकड दुखावली आहे. पळणं निम्म्यावर आणायचं, दोन आठवडे चालण्याचं प्रमाण वाढवायचं, रस्ता सोडून मातीवर जायचं. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, बोट ठेवताच कळ येत असेल, त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला तडा जायला लागल्याची शंका घ्यायची. मग पळणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत हा तडा बरेचदा दिसत नाही. ‘एक्स-रे चांगला आलाय’ म्हणून पुन्हा पळायला लागलेले लोक सहा आठवड्यांचं दुखणं सहा महिन्यांचं करून घेतात. वेदनेची गोळी घेऊन पळणं हा तर त्याहून वाईट मार्ग, कारण थांबायला सांगणारी एकमेव खूणच आपण बंद करतो.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलंच पाऊल टाचेत सुईसारखं टोचत असेल, तर ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं. टाचेच्या वर, मागच्या बाजूला आखडल्यासारखं वाटत असेल तर कंडरा. दोन्हींचं बरंचसं मूळ कमजोर पोटरीत असतं. त्यावर घरच्या पायरीवर होणारा व्यायाम आहे: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर उठायचं, मग एका पायावर भार घेऊन टाच सावकाश, तीन-चार सेकंद लावत, पायरीच्या खाली सोडायची. असं पंधरा वेळा, तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. टाचेच्या अगदी मागं, हाडाशीच दुखत असेल तर पायरीखाली न सोडता सपाट जमिनीपर्यंतच सोडावी. कंडरेला गुण यायला तेवढे आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडून दिलं तर केलेलं वाया जातं. दुखणं नसतानाही आठवड्यातून दोनदा हा व्यायाम करावा. बैठका आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत आणि मांड्यांना त्या उत्तम, पण पोटरी आणि कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू त्यात तितके कामाला लागत नाहीत. कुल्ला ढिला असला की गुडघा आत वळतो, आणि गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा बाहेरच्या अंगाला दुखायला लागतं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वर धरणं, एवढं घरी सहज होतं.

पाऊल कसं पडावं, यावर लोक फार वाद घालतात. टाच आधी की चवडा, हा वाद नवख्यानं सोडून द्यावा. पाऊल शरीराच्या फार पुढं पडत नाही ना, एवढंच पाहावं. पाय पुढं फेकून टाच ठोकली की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तो धक्का नडगी-गुडघा घेतात. उपाय सोपा: पावलं थोडी लहान आणि थोडी भराभर. मिनिटाला १५५ पडत असतील तर १६२ करून बघावीत, एकदम १८० करायला जाऊ नये. बुटांचा आवाज ऐकावा. थप्-थप् मोठ्यानं येत असेल तर पाऊल लांब पडतंय.

बुटांबद्दल थोडक्यात. पळण्याचेच बूट घ्यावेत, फुटबॉलचे किंवा जिमचे नकोत. संध्याकाळी घ्यायला जावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर नखं काळी पडतात. महाग बूट पाय वाचवतात हा गैरसमज आहे. दुकानात चार जोड घालून दहा-दहा पावलं पळून बघावं आणि ज्यात पाय निवांत वाटेल तो घ्यावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला तळवा मरतो. वरून बूट नवा दिसतो, तो भाग निराळा.

आता जागा. रंकाळ्याची फेरी सपाट आहे, हवा मोकळी आहे, शालिनी पॅलेसच्या बाजूनं सकाळचं पाणी बघत पळणं हे सुखच आहे. पण सुट्टीच्या दिवशी साडेसहानंतर गर्दी होते आणि फरशीवर, दगडी कडेवर ओल असली की पाय सटकतो. नेहमी एकाच दिशेनं फेऱ्या मारू नयेत; वळणं सतत एकाच अंगाला पडली की एक पाय जास्त झिजतो. शिवाजी विद्यापीठाचा परिसर झाडीचा, वाहनं कमी, आणि चढ-उतार हळूच अंगावर येणारा. पहिले दोन महिने रंकाळा, मग आठवड्यातला एक दिवस विद्यापीठ, हा क्रम मला योग्य वाटतो. चढावर वेग नाही, मेहनत सारखी ठेवायची. पाढा मोडायला लागला की चालायचं. पन्हाळ्याचा घाट सहा महिन्यांच्या आत पळू नये, आणि तो चढण्यापेक्षा उतरताना जास्त जपावं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्यातून जी अंगदुखी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर पळणार असाल तर उजव्या बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळावं. नोव्हेंबर ते मार्च हा गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात येतात, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं खांद्याच्या उंचीला असतात. रस्त्यावर पडून चेंगरलेला ऊस आणि दव पडलेलं पाचट, दोन्हींवर बूट टिकत नाही. गुऱ्हाळाचा धूर पहाटेच्या धुक्यात खाली बसतो. वास कितीही गोड असला तरी तिथून लांबचा पल्ला काढू नये. जानेवारीत सातच्या सुमारास उजाडतं, जूनच्या सुरुवातीला सहालाच. म्हणून हिवाळ्यात वेळ पुढं ढकलावी, नाहीतर परावर्तक पट्ट्याचं जाकीट घालावं. कुत्री अंगावर आली तर पळू नये. थांबावं, त्यांच्याकडं पाठ न करता हळूहळू चालत निघावं.

पावसाळा हा इथला खरा कस. जून ते सप्टेंबर चार महिने घरी बसलं तर सगळी कमाई जाते. पावसात पळायला हरकत नाही, विजा असतील तेव्हा मात्र नाही. सुती बनियन भिजली की घासते, काखेत आणि मांडीत कातडी निघते. घाम न धरणारा कपडा घालावा आणि घासणाऱ्या जागी आधी व्हॅसलिन लावावं. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, खड्डाही दिसत नाही आणि पायाला जखम असेल तर संसर्गाची भीती. घरी आल्यावर बुटाचा आतला तळवा काढून ठेवायचा, नाडी सैल करून जीभ पूर्ण बाहेर ओढायची, आणि वर्तमानपत्राची दोन पानं चुरगाळून थेट बोटांच्या टोकापर्यंत कोंबायची. तासाभरात कागद लगदा होतो; तो काढून कोरडा भरायचा, रात्री पुन्हा एकदा. पंख्याखाली ठेवायचे. चुलीशेजारी किंवा कडक उन्हात ठेवले की डिंक सुटतो आणि तळव्याचा फेस कडक होतो. शक्य असेल तर पावसाळ्यापुरते दोन जोड असावेत. पायाची बोटं, विशेषतः मधल्या बेचक्या, पुसून कोरड्या करायच्या. तिथली खाज पुढं महिनाभर पिच्छा सोडत नाही. आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तोच पल्ला किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनिट हळू जातो. तसाच जाऊ द्यावा.

खाण्याबद्दल आपल्याकडं उत्साह फार. पळून आल्यावर मिसळ हे ठरलेलंच. माझं म्हणणं एवढंच की आकडा डोक्यात असू द्यावा: एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागं साधारण एक किलोकॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसानं चार किलोमीटर पळलं, तर २८० झाल्या. वजन कमी करायचं म्हणून पळणाऱ्याचा हिशेब ताटातच जुळतो, रस्त्यावर नाही. निघण्याआधी अर्धं केळ आणि थोडं पाणी पुरे. तासापेक्षा कमी पळायचं असेल तर वाटेत काही लागत नाही. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलिलिटरचा, वर लिंबू. तहानेपेक्षा जास्त पाणी ढकलून पिऊ नये, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे. नंतर मात्र प्रथिनं हवीत. गंगावेशीत उभ्यानं प्यायलेल्या पेलाभर म्हशीच्या दुधात दहाएक ग्रॅम मिळतात. चाळिशीनंतर एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम लागतात, म्हणून सोबत दोन अंडी आणि वाटीभर उसळ घ्यावी. बायकांनी, आणि मांसाहार न करणाऱ्या सगळ्यांनीच, सुरुवातीला हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि बी-१२ तपासून घ्यावं. कित्येकदा ‘दम लागतो’ म्हणून सोडून दिलेलं पळणं लोहाच्या कमतरतेनं सुटलेलं असतं.

आणि एक गोष्ट पुढं ढकलू नये. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधी डॉक्टर. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक अंधारी, यांपैकी काहीही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणून फेरी पूर्ण करायची नाही.

तीस मिनिटं सलग जमली की लोकांना लगेच मॅरेथॉन दिसायला लागते. दूर पल्ला या मुलखाला नवा नाही. शंभरेक किलोमीटरवरच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक घेतलं, त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं नेली, आणि ती त्याची आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती. हे शेवटचं वाक्य नवखे फार आवडीनं सांगतात. त्याआधी कित्येक वर्षं तो ४०० मीटरच्या डझनावारी फेऱ्या मारत होता, ते सांगत नाहीत. ४२.१९५ किलोमीटर पहिल्या वर्षी नकोतच. तीस मिनिटं आठवड्यातून तीनदा, असं दीड महिना करा. मग रविवारचं पळणं पाच-पाच मिनिटांनी लांबवा, आठवड्याच्या एकूण पळण्याच्या साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत. चौथा दिवस जोडा. सहा-सात महिन्यांत दहा किलोमीटर सुखानं होतात, आणि वर्षभरानं एकवीसचा विचार करता येतो.

त्या पहिल्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेच्या दिवशी नवं काही करायचं नाही, बूटही जुनेच, न्याहारीही नेहमीचीच. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम मागं राहायचं आणि पाढा म्हणत राहायचं. आठव्या किलोमीटरपर्यंत पाढ्याची तीन घरं एका श्वासात आली पाहिजेत. नवव्यात दोन चालतील. शेवटच्या किलोमीटरला पाढा मोडला तरी मोडू द्यावा. कमान ओलांडल्यावर लगेच खाली बसू नये, फोटोसाठीही नाही. पळणं थांबलं की पोटऱ्यांचा पंप थांबतो, रक्त पायांतच साठतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. पाणी हातात घ्यावं आणि दहा मिनिटं चालत राहावं.